अक्कलदाढेपुरती अवलंबित

मुलीच्या शिक्षणासाठी पैसे साठवणं हे अमेरिकेतल्या ओशकोश गावातल्या कुठल्याही माणसाला जमतं. दर महिन्याला पगारातून थोडे पैसे परस्पर कापले जातात, कुठेतरी जाऊन ते वाढत राहतात आणि माणूस त्यांना विसरून जातो. त्यात माणसाने स्वतः करायचं काम काय ते एवढंच, विसरण्याचं. लायल श्वान्केने ते ब्रिटाच्या जन्मापासून चोख केलं होतं. घोडं पेंड खायला लागलं ते पैसे काढायच्या वेळी.

लायल विमा कंपनीत दावे तपासायचा. गारपिटीत कोणाचं छप्पर फुटलं, की हा शिडी लावून वर चढणार, पेन्सिलीने चार ठिकाणी टोचून बघणार, आणि खाली उतरून घरमालकाला अत्यंत दुःखी चेहऱ्याने सांगणार, की हे छप्पर गारांच्या आधीपासूनच फुटलेलं होतं. त्यासाठी पॉलिसीच्या पाठीमागचं मुंगीच्या पायाएवढं अक्षर वाचावं लागतं. ते त्याने आयुष्यभर वाचलं होतं. पण दुसऱ्यांच्या कागदावरचं. स्वतःच्या कागदावरचं बारीक अक्षर वाचणं त्याला कमीपणाचं वाटे, जसं काही न्हाव्यांना स्वतःचे केस स्वतः कापणं वाटतं.

तर नोव्हेंबरमध्ये तो संगणकापुढे बसला आणि त्या शिक्षण-बचत खात्यातून ब्रिटाच्या एका अख्ख्या वर्षाच्या फीएवढी रक्कम काढायला निघाला. पडद्यावर प्रश्न आला: पैसे कोणाला पाठवायचे? कॉलेजला, विद्यार्थिनीला, की खातेदाराला? खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, की ज्याच्या नावावर पैसे निघतील त्याप्रमाणे कराची जबाबदारी बदलू शकते. लायलने त्या ओळीकडे गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघत तसं बघितलं आणि 'खातेदार'वर टिचकी मारली.

त्यामागे कारण होतं, आणि ते करापेक्षा पुष्कळ मोठं होतं. कॉलेजला परस्पर पैसे गेले असते तर ते कोणाला दिसले असते? ब्रिटाच्या नावावर गेले असते तर तिच्या फोनवर एक टुणकन आवाज झाला असता आणि संपलं. एवढी वर्षं साठवलेल्या पैशांची टुणकन आवाजावर बोळवण? लायलला ते बघवेना. ब्रिटाने ऑगस्टमध्ये फोनवर "फीचं झालंय" एवढंच सांगितलं होतं. त्यावरून त्याने ठरवलं होतं, की पोरीने कर्ज काढलं असणार. मुलगी कर्जात बुडाली आहे, आणि ऐन वेळी आपण तिला वर काढणार आहोत, या कल्पनेत तो चार महिने अतिशय सुखात होता.

शेजारच्या नॉर्बने या सुखात भर घातली. नॉर्ब कोस्मात्का हा पाण्यातले क्षार काढायची यंत्रं विकून निवृत्त झालेला गृहस्थ. विकायला काही उरलं नाही तेव्हा त्याने सल्ले वाटायला घेतले. उंटावरचा शहाणा निदान उंट तरी स्वतःचा आणतो. नॉर्ब लोकांच्या ओट्यावर, लोकांची बीअर पीत शहाणपणा करायचा.

"नुसता चेक काय देतोस लेका," नॉर्ब म्हणाला, "लॉटरी लागलेल्यांना देतात तसला दे. पुठ्ठ्याचा. दाराएवढा."

लायलला हे इतकं पटलं, की त्याने ते बायकोला सांगितलंच नाही.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, सगळे नेहमीप्रमाणे सपर क्लबात, म्हणजे गावातल्या खानावळीत, तळलेला मासा खायला गेले. ब्रिटा सुट्टीला घरी आली होती. मेपर्यंत ती घरीच राहून गावातल्या छोट्या कॉलेजात जात होती. ऑगस्टपासून उत्तरेकडे तीन तासांवरच्या मोठ्या कॉलेजात. वीस वर्षांची, कमी बोलणारी पोरगी. उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित भरलेला, कारण ती बोलिंग खेळायची, क्रिकेटमधली नव्हे, जड गोळा घरंगळवून खुंट पाडायची. लायल स्वतः गुरुवारच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळत होता, आणि त्याचे आकडे चारचौघांत सांगण्यासारखे नसल्यामुळे तो बोलिंगला खेळ मानत नसे.

मासा संपून कोबीची कोशिंबीर तेवढी उरली असताना लायल उठला, ग्लासवर चमचा वाजवला आणि बोलायला लागला. त्याच्या भाषणात कष्ट होते, काटकसर होती, आणि लांबवर कुठेतरी ब्रिटाही होती. शेजारच्या टेबलांवरच्या माणसांनी काटे खाली ठेवले. मग नॉर्बने मोठ्या प्रयासाने कोटांच्या खोलीतून तो चेक आणला. तो दारातून आडवा येईना, म्हणून तिरका करताना एका आजीबाईच्या ब्रँडीचा पेला आडवा झाला.

ब्रिटाने चेककडे बघितलं. मग आईकडे. मग परत चेककडे.

"डॅड, हे कशाला?"

"तुझ्या फीसाठी!" लायल सगळ्या क्लबला ऐकू जाईल असा म्हणाला.

"पण माझी फी नाहीये. मला बोलिंगची शिष्यवृत्ती आहे. सगळी फी त्यात जाते. मी सांगितलं होतं तुला."

"कधी?"

"ऑगस्टमध्ये. फोनवर."

"हो रे," डोरीन खाली बघत म्हणाली. डोरीन ही लायलची बायको. शाळेच्या ग्रंथालयात काम करायची, आणि आवाज न चढवता माणसाला गप्प बसवायची कला तिला तिथेच साधली होती. "स्पीकर लावला होता. तू तेव्हा तिला छपरावरच्या बर्फाचं वजन कसं काढतात ते सांगत होतास."

क्लबात कोणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या शिष्यवृत्तीसाठी होत्या. पाठोपाठ सगळ्यांनी वाजवल्या, बारवाल्याने ब्रिटाला स्वतःच्या खर्चाने आइस्क्रीम पाठवलं, आणि लायल दाराएवढा चेक पोटाशी धरून उभा राहिला. तो खाली ठेवायला जागा नव्हती.

एखाद्या शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खात्याच्या लोकांना फोन केला असता. लायल नॉर्बच्या ओट्यावर गेला.

"आता ऐक," नॉर्ब म्हणाला. "हे पैसे शिक्षणावर खर्च झाले तर कर नाही. नाही झाले, तर मूळ रक्कम तुझी तुला सुटली, पण वर जे वाढलंय त्यावर कर. शिवाय दहा टक्के दंड. आणि सरकार बघतं वर्ष. ज्या वर्षी काढले त्याच वर्षी खर्च व्हायला पाहिजेत. डिसेंबर संपायच्या आत भरून टाक कॉलेजात."

"पण फी शिष्यवृत्तीतून गेलीय."

"गेली असेल. तू परत भर. या देशात पैसे नको म्हणणारं कॉलेज कोणी बघितलंय?"

या प्रश्नाचं उत्तर लायलला लवकरच मिळायचं होतं. 

नाताळच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी दोघं निघाले. पुठ्ठ्याचा चेक गाडीच्या मागच्या भागात तसाच पडून होता. डोरीनने तो घरात घ्यायला नकार दिला होता. वाटेत बर्फ सुरू झाला. नॉर्ब बर्फात गाडी कशी चालवावी ते सांगू लागला, आणि लायल ते ऐकून तसं करू लागला, म्हणून गाडी थोड्याच वेळात रस्त्याकडेच्या बर्फात रुतून बसली. मागची चाकं नुसती गरगर फिरायला लागली. नॉर्बने खाली उतरून बराच विचार केला आणि शेवटी तो चेक चाकाखाली सरकवला. गाडी खाडकन बाहेर निघाली. चेकच्या चिंधड्या झाल्या, पण बँकेत नाही तरी बर्फात तो वटला, हे मान्य करायला हवं.

कॉलेजच्या फी-खिडकीत एक बाई बसल्या होत्या. अंगात हरणांचा स्वेटर, आणि चेहऱ्यावर दुपारी ऑफिस बंद होण्याची वाट बघणाऱ्या माणसाची शांती.

"मला माझ्या मुलीची फी भरायचीय," लायल छाती पुढे काढून म्हणाला.

बाईंनी नाव विचारलं, पडद्यावर बघितलं. "बाकी शून्य आहे, सर."

"हो. तरी भरायचीय."

"कशाची?"

"फीची."

"पण फी भरलेली आहे."

"मी परत भरतो ना! तुमचं काय जातं?"

"सर, देणंच नाही तर घेणार कशावर? पावती कशाची फाडू?"

मागे पोरांची रांग लागली होती. नॉर्बने खिडकीत डोकं घातलं. "बाई, पुढच्या वर्षाची आगाऊ घ्या."

"पुढच्या वर्षाची फी अजून ठरलेली नाही."

"अंदाजे घ्या!"

"अंदाजे फी घेत नाही आम्ही. देणगी द्यायची असेल तर दुसऱ्या मजल्यावर. आनंदाने घेतील."

"देणगी शिक्षणखर्चात धरतात का?" लायलने आशेने विचारलं.

"नाही."

लायलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आयुष्यभर त्याने लोकांना पैसे नाकारले होते. त्याचे पैसे कोणी नाकारण्याची ही पहिलीच वेळ. "निदान तिचं खातं तरी दाखवा मला," तो म्हणाला. "जेवणाचे, वसतिगृहाचे, कसले तरी पैसे बाकी असतीलच की!"

"ते नाही दाखवता येणार, सर. विद्यार्थिनी सज्ञान आहे. तिच्या लेखी संमतीशिवाय तिच्या खात्याबद्दल आम्ही कोणालाच काही सांगत नाही."

"अहो, मी बाप आहे तिचा! ती माझ्यावर अवलंबून आहे!"

"असेल, सर."

"आणि आत्ता तुम्हीच शून्य आहे म्हणून सांगितलंत!"

बाईंनी परत पडद्याकडे बघितलं. "ते मी सांगायला नको होतं," त्या म्हणाल्या, आणि खिडकीची काच खाली केली.

येताना नॉर्ब म्हणाला की त्या बाईंचा आवाज त्याला पहिल्यापासूनच आवडला नव्हता.  ओशकोश येईपर्यंत लायल बोलला नाही, आणि त्या हिवाळ्यात ही एवढीच एक बरी गोष्ट घडली, असं नॉर्ब सोडून सगळ्यांचं मत होतं.

जानेवारी संपता संपता टपालाने त्या बचत खात्याचा कागद आला. एवढे एवढे पैसे काढले, त्यातला एवढा भाग वाढीचा, आणि काढणारा: लायल श्वान्के. लायलने तो कागद उलटासुलटा करून पाहिला. आता चारचौघांसारखं कोणा जाणत्याकडे जावं, की नाही? पण गावात कर भरून देणारा जो माणूस होता, तो हिवाळ्यात कर भरायचा आणि उन्हाळ्यात गाद्या विकायचा. गेल्या वर्षी कर भरून देता देता त्याने लायलला एक गादीही खपवली होती, आणि त्या गादीवर लायलची पाठ धरायची. म्हणून यंदा आपला कर आपणच भरायचा, असा त्याने बाणा दाखवला. तीन शनिवार तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. कर कमी व्हावा म्हणून ब्रिटाला 'अवलंबित', म्हणजे आपण पोसतो अशी मुलगी, दाखवलं, शेवटचं बटण दाबलं, आणि उठून कॉफी केली.

कॉफी संपायच्या आत उत्तर आलं. कराचं विवरण नाकारण्यात आलं आहे. तुम्ही जिला अवलंबित दाखवलंय, तिचा सरकारी ओळख-क्रमांक आधीच दुसऱ्या एका विवरणात वापरला गेलेला आहे.

"चोर!" लायल ओरडला. "डोरीन, पोरीची ओळख चोरली कोणीतरी!"

नॉर्ब कुंपणापलीकडून धावत आला. त्याच्या मते हे काम परदेशातल्या टोळीचं होतं. त्याने आधी सगळ्या बँकांचे परवलीचे शब्द बदलायला लावले. लायलने ते इतके अवघड ठेवले, की संध्याकाळपर्यंत त्याच्याच खात्यांनी त्याला बाहेर काढलं. मग नॉर्बच्या सांगण्यावरून कागद कातरायचं यंत्र आणलं गेलं, आणि त्यात घरातले जुने कागद घालताना चालू वर्षाचा तो टपालाचा कागदही गेला. करखात्याच्या फोनवर लायल कान तापेपर्यंत संगीत ऐकत बसला. शेवटी एक माणूस बोलला आणि त्याने मनापासून सल्ला दिला: "आधी कुटुंबातल्या माणसांना विचारून बघा."

"कुटुंबातल्यांना?" लायल फोन ठेवून म्हणाला. "आमच्या घरात चोर आहेत काय?"

डोरीन विणत होती. तिने दोन टाके घातले. "ब्रिटाला विचारलंस?"

"तिला कशाला घाबरवू?"

ब्रिटा पुढच्या रविवारी कपडे धुवायला घरी आली. लायलने तिला खुर्चीत बसवलं, खांद्यावर हात ठेवला आणि दुःखद बातमी सांगायच्या स्वरात सगळं सांगितलं: चोर, टोळी, परवलीचे शब्द. ब्रिटा ऐकत राहिली. मग म्हणाली, "डॅड, तो चोर मी आहे."

"काय?"

"मी भरलं ना विवरण. बोलिंगच्या हॉलमध्ये काम करते, पगारातून कर कापतात, तो परत मिळतो. विवरणात विचारलं होतं, कोणी तुम्हाला अवलंबित दाखवू शकतं का? मी 'नाही' लिहिलं."

"नाही?" लायलचा आवाज चिरकला. "नाही? मग मी कोण?"

"मी भाडं भरते. खाणं माझं. गाडी मी घेतली, माझ्या पैशाने. फी शिष्यवृत्तीतून. तू सांग, मी कशासाठी अवलंबून आहे तुझ्यावर?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, असं लायलला वाटलं. तो उठला, दोन फेऱ्या मारल्या, आणि सुरू झाला. आरोग्याचा विमा कोणाचा? फोन कोणाचा? गाडी तुझी, पण गाडीचा विमा कोणाचा? मेपर्यंत या छपराखाली कोण राहत होतं? आणि छपराचा विषय निघाल्यावर तो थांबणं शक्यच नव्हतं. ब्रिटाही उठली. तिने गाडीची किंमत सांगितली, पेट्रोल सांगितलं, ऑगस्टपासूनचं भाडं सांगितलं. शेवटी डोरीनने विणकाम खाली ठेवलं, फ्रिजवरच्या किराणा मालाच्या कागदाची मागची बाजू घेतली आणि मध्ये एक रेघ ओढली. "इकडे ब्रिटाने स्वतःवर केलेला खर्च," ती म्हणाली, "तिकडे आपण. शिष्यवृत्ती यात धरत नाहीत, मी वाचलंय. तिने स्वतःचा अर्ध्याहून जास्त भार उचलला असेल, तर ती अवलंबित नाही. नसेल, तर आहे. कोणी ओरडायचं नाही."

ग्रंथालयातली शांतता पसरली. दोघं एकेक आकडा सांगत गेले. लायलने घरातल्या तिच्या खोलीचं भाडं किती धरावं यावर, व्यावसायिक सवय मोडून, खोली आहे त्याहून चांगली असल्याचा दावा केला. ब्रिटाने खिडकी लागत नसल्याचं निदर्शनास आणलं. तास उलटला. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या झाल्या. ब्रिटाची किंचित जड.

 लायलला एकदम काहीतरी आठवलं.

"दाढ!" तो ओरडला.

"काय?"

"अक्कलदाढ! गेल्या मार्चमध्ये तुझी अक्कलदाढ काढली! विम्यात बसत नव्हती! पैसे मी भरले!"

डोरीनने आकडा लिहिला. आईबापांची बाजू जड झाली. अशा रीतीने ब्रिटा श्वान्के ही तरुण, सज्ञान, स्वतःचं भाडं स्वतः भरणारी मुलगी, एका अक्कलदाढेपुरती बापावर अवलंबित ठरली. लायलने दोन्ही हात वर केले. अख्ख्या हिवाळ्यातला हा त्याचा पहिला विजय होता.

ब्रिटा हसली नाही. तिने तो कागद बघितला. "ठीक आहे," ती म्हणाली. "मी दुरुस्त करून पाठवते माझं विवरण. चूक माझी होती." मग जरा थांबून म्हणाली, "तू तो कागद बघितलास का, पैसे काढल्याचा?"

"तो कातरला गेला."

ब्रिटाने डोळे मिटून घेतले. "ठीक. त्यावर तुझं नाव होतं ना? म्हणजे वाढीवरचा कर तुझ्या उत्पन्नात, तुझ्या दराने. माझ्या नावावर काढले असतेस तर तो माझ्या उत्पन्नात धरला असता. थोडा भाग तसाच सुटला असता, थोड्यावर हलका कर, आणि त्यापुढच्यावरच तुमच्या दराने. मी अवलंबित आहे म्हणून सगळं हलक्यात सुटलं नसतं, पण थोडं तरी सुटलं असतं."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"त्या पानावर लिहिलंय. जिथे तू बटण दाबलंस, त्याच्या खाली."

लायल खुर्चीत बसला.

"दंड नाही लागणार," ब्रिटा जरा मऊ आवाजात म्हणाली. "शिष्यवृत्तीएवढे पैसे काढले तर दंड माफ असतो. कर तेवढा माफ नाही. आणि माझं भाडं, खाणं, ते शिक्षणखर्चात बसतं. कॉलेजने जो आकडा ठरवलाय तिथपर्यंत. ऑगस्ट ते डिसेंबरच्या पावत्या आहेत माझ्याकडे. तेवढ्यावरचा कर वाचेल तुझा."

"मग हे आधी का नाही सांगितलंस? शिष्यवृत्तीचं, भाड्याचं... आम्हाला वाटलं तू कर्ज काढलंस!"

"तुला वाटलं," डोरीन म्हणाली.

ब्रिटा कपड्यांच्या टोपलीशी चाळा करत राहिली. "डॅड, तू पैसे दिलेस की मला ते ऐकावं लागतं. दातांच्या तारा लावल्या त्याचं मी अजून ऐकते. मला तुझे पैसे नकोत असं नाहीये. मला भाषण नको असतं. त्या दिवशी क्लबात सगळे बघत होते आणि तू माझ्याकडे बघतही नव्हतास. त्या आजीबाईचा पेला सांडला, तरी तू बोलतच होतास."

 छपरं आधीपासून फुटलेली असतात, हे लायल लोकांना सांगत आला होता. आपल्या घराचंही तसं असू शकतं, हे बघायला त्याने कधी शिडी लावली नव्हती.

त्याने खण उघडला, चेकबुक काढलं. साधं, खिशात मावणारं. ऑगस्ट ते डिसेंबरचं भाडं आणि खाणं किती झालं ते विचारलं, ब्रिटाने सांगितलं, त्याने लिहिलं, सही केली आणि चेक टेबलावरून तिच्याकडे सरकवला. मग त्याने तोंड उघडलं.

डोरीनने विणकामातून मान वर केली.

लायलने तोंड मिटलं. त्याला ते इतकं जड गेलं, की कान लाल झाले.

"थँक्स, डॅड," ब्रिटा म्हणाली, आणि चेक जीन्सच्या मागच्या खिशात घालून कपडे वाळवायला गेली.

उरलेल्या रकमेच्या वाढीवर लायलने कर भरला. निमूटपणे, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. प्रत्यक्षात त्याने शेजारपाजारी, गुरुवारच्या लीगमध्ये आणि एकदा एका फुटक्या छपरावरही सरकारचा उद्धार केला. पण नवल असं, की या सगळ्यामुळे गावात त्याचा जाणकार म्हणून बोलबाला झाला. ज्या माणसाचं इतकं नुकसान झालंय त्याला विषय कळत असणार, असा लोकांचा समज असतो. म्हणून तर इतक्या सभांना वक्ते मिळतात.

एप्रिलमध्ये चर्चच्या पाद्रीबाईंनी तरुण आईबापांसाठी तळघरात एक कार्यक्रम ठेवला, 'मुलांच्या शिक्षणाची बचत', आणि वक्ता म्हणून लायलला बोलावलं. त्याने कोट घातला. बरोबर लांबलचक टिपणं नेली. कॉफी आणि रुबार्बच्या आंबट-गोड वड्या मांडलेल्या होत्या, घडीच्या खुर्च्यांवर जोडपी बसली होती, आणि पहिल्याच रांगेत नॉर्ब मान डोलवत होता, जणू भाषण त्यानेच लिहून दिलं होतं.

लायल बोलायला उभा राहिला. बचत, शिस्त, वाढ, पैसे काढायचं वर्ष, सगळं यथासांग सांगितलं. चाकाखालच्या चेकचा उल्लेख त्याने टाळला. नॉर्बने तो केला. मग टिपणांचं दुसरं पान उलटून तो पुढे बोलणार, एवढ्यात मागच्या रांगेतून एका तरुण बाईने हात वर केला. पोट चांगलंच पुढे आलेलं, नवऱ्याच्या मांडीवर वही.

"एक विचारू? पुढे पैसे काढायचे झाले, तर ते कोणाच्या नावावर काढायचे? आमच्या, कॉलेजच्या, की मुलीच्या?"

 डोरीन कॉफीच्या भांड्याशी उभी होती. नॉर्बने सांगायला तोंड उघडलं, पण लायलने हाताने त्याला थोपवलं. त्याने टिपणांकडे बघितलं. त्यात याचं उत्तर दीड पानाचं होतं.

"तिला विचारा," लायल म्हणाला.

"कोणाला?"

"तुमच्या मुलीला."

बाई गोंधळली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "अहो, पण ती अजून जन्मायचीय!"

"मग जन्मल्यावर विचारा. मोठी झाल्यावर विचारा," लायल म्हणाला. "पण विचारा. आणि ती फोनवर काही सांगत असेल, तर मध्ये बोलू नका."

एवढं बोलून त्याने उरलेली पानं घडी करून खिशात घातली आणि वड्या संपायच्या आत कॉफीच्या टेबलाकडे गेला.